गच्चीवरचं ऊन, लेखांक ६ : कंट्रोलर बिचारा काय करणार?

तक्रार ठरलेली असते. गिरगाव-लालबागच्या एखाद्या चाळीने जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर 100 वॉटचं पॅनेल बसवलेलं असतं आणि भर दुपारी कंट्रोलर दाखवतो 40 वॉट. ‘कंट्रोलर गेला’ असा निकाल लागतो आणि कुणीतरी नवा आणायला लॅमिंग्टन रोडला निघतो. त्याला जरा थांबवा.

आधी बॅटरी बघा. ती भरत आली की कंट्रोलर मुद्दामच हात आखडता घेतो. बॅटरीवर 14.4 व्होल्ट आणि करंट मात्र कमी, असं दिसलं तर बहुधा सगळं ठीक चाललंय. खात्री करायची तर दिवे लावा, डीसी पंखा सोडा. करंट लगेच चढला, तर विषय संपला.

नाही चढला, तर कंट्रोलर कोणत्या जातीचा ते वाचा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम असेल तर तो पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर खाली ओढतो. 100 वॉट म्हणजे 18 व्होल्ट गुणिले साडेपाच अँपिअर. बॅटरी 13 व्होल्टवर असली की उरतात 71-72 वॉट. बाकीचे कुणी चोरले नाहीत, ते पहिल्या दिवसापासून मिळतच नव्हते. एमपीपीटी घेतला तर त्यातले बरेचसे हाती लागतात, पण किंमतही तशीच मोजावी लागते.

आता खरी मेख. पॅनेलवरचा 18 चा आकडा 25 अंशांचा आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर पॅनेल सहज 60 अंशांवर जातं आणि दर अंशामागे साधारण 0.4 टक्का व्होल्टेज गळतं. राहिले साडेपंधरा. त्यात चाळीची गच्ची चौथ्या मजल्यावर आणि बॅटरी तळमजल्याच्या जिन्याखाली. जाऊन-येऊन 40 मीटर तार, तीही अडीच एमएमची, कारण घरात वायरिंग करणाऱ्याकडे तीच असते. साडेपाच अँपिअरला तारेतच दीड व्होल्ट जातो. खाली पोचतात 14. बॅटरी भरायला हवेत 14.4. म्हणजे शेवटच्या टप्प्यात करंट आटतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी अर्धीमुर्धीच राहते. पीडब्ल्यूएम असेल तर हे दुखणं हमखास. सहा एमएमची तार ओढा किंवा कंट्रोलर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर न्या. मोजायचं कसं? चार्जिंग चालू असताना मल्टिमीटर एकदा पॅनेलच्या टोकांना आणि एकदा कंट्रोलरच्या पॅनेलकडच्या स्क्रूंना लावा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष तारेचा किंवा जोडाचा. समुद्राची खारी हवा तांब्याला हिरवं करते. स्क्रू घट्ट दिसतो, पण आत गंज असतो. (क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजतो का ते बघून घ्या, बरेच फक्त एसीचे असतात.) जोड साफ करताना आधी पॅनेल सोडवायचं, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी.

धूळ आणि कबुतरांचा प्रश्न पाण्याच्या बादलीने सुटतो. मात्र तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, सकाळी धुवा.

परळ-लालबागला वेगळंच दुखणं आहे, ते म्हणजे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. मेच्या मध्यावर सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे दुपारी सावलीचं नावही नसतं. डिसेंबरात मात्र दुपारीही तो जेमतेम 47 अंशांवर चढतो. दक्षिणेला गच्चीपेक्षा 90 मीटर उंच टॉवर असला, तर उत्तरेकडे 80 मीटरपेक्षा लांब सावली पडते. पॅनेल मेमध्ये बसवलेलं, तक्रार डिसेंबरात! सावली अख्ख्या पॅनेलवर यायलाही नको. 36 सेल एकामागोमाग एकाच साखळीत जोडलेले असतात. टाकीच्या पाइपाने दोन-तीन झाकले तरी पॅनेलचा निम्मा भाग बाद होऊ शकतो आणि उरलेल्या निम्म्याचं व्होल्टेज 12 व्होल्टच्या बॅटरीला पुरत नाही. दहा, बारा आणि दोन वाजता गच्चीवर जाऊन एकेक फोटो काढा. पॅनेल कुठे सरकवायचं ते त्यावरून ठरेल.

बॅटरीचं पाणी आणि वय, पुढच्या आठवड्यात.