संगणकव्यवसायातील मागणी आणि वेतन

‘संगणकाच्या क्षेत्रात माणसांना फार मागणी आहे, तेव्हा तेथील वेतनही वाढत जाणारच’, असे विधान विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या तोंडून आपण नेहमी ऐकतो. गेल्या वर्षी याच विधानाच्या आधारावर आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने नुकतेच आरंभिलेले संशोधन सोडून देण्याचा विचार बोलून दाखविला. त्याच्या हाती एका कंपनीचे वार्षिक ३ लाख ६० हजारांचे नियुक्तिपत्र होते. त्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाला या विधानातील दोन्ही पदांचा थोडा खोलवर विचार करावा लागला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अर्थशास्त्राच्या प्रांतात शिरणे हा अनधिकार होय, याची जाणीव आहे. तथापि प्रश्नाचा निम्मा भाग शब्दार्थाचाच असल्यामुळे हे साहस क्षम्य ठरावे.

प्रथम ‘मागणी’ हा शब्द घेऊ. ‘मागणे’ या क्रियापदाचे मूळ ‘शोधणे’ असा अर्थ असलेल्या संस्कृत ‘मार्ग्’ या धातूत आहे, आणि शोधण्याची ही छटा मराठीत अद्याप टिकून आहे. मुलीला मागणी आली म्हणजे लग्न ठरले असे नव्हे; कोणीतरी विचारणा केली, एवढेच. वृत्तपत्रांतील ‘संगणकतज्ज्ञांना मागणी’ ही बहुधा याच जातीची असते. अर्थशास्त्रातील मागणी मात्र नेहमी किमतीशी जोडलेली असते: अमुक वेतनाला अमुक इतकी माणसे घेण्याची तयारी. साडेतीन लाखांना दहा हजार माणसे घेण्यास सिद्ध असलेली कंपनी सात लाखांना दोन हजारही घेणार नाही. यास्तव ‘मागणी आहे’ हे वाक्य वेतनाच्या उल्लेखाविना अपुरेच राहते.

हा वाद नवा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अभियंत्यांचा व शास्त्रज्ञांचा मोठा तुटवडा असल्याची ओरड झाली, तेव्हा डेव्हिड ब्लँक आणि जॉर्ज स्टिग्लर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेतनाचे आकडे तपासले. १९२९ पासून पाहता अभियंत्यांची कमाई इतरांच्या तुलनेने वाढण्याऐवजी घटलीच होती. मग तुटवडा कसला, असा त्यांचा सवाल होता. त्याला १९५९ मध्ये केनेथ ॲरो आणि विल्यम कॅप्रन यांनी जे उत्तर दिले, ते आपल्या विषयाला विशेष उपयोगी आहे. त्यांच्या मते मागणी सतत वाढत असली की वेतन तिच्यामागून धावते खरे, परंतु ते तिला लगेच गाठत नाही. जागा रिकाम्या राहतात त्या या मधल्या काळात. ही दिरंगाई का होते? नोकरीचे करार दीर्घ मुदतीचे असतात. कोण कोठे किती देतो याची माहिती हळूहळू पसरते. आणि माणसे घेणाऱ्या मोठ्या संस्था मोजक्याच असतात. शिवाय नव्या माणसाला अधिक द्यायचे तर जुन्यालाही द्यावे लागते, म्हणून मालक शक्य तोवर हात आखडता घेतो.

आता आपल्याकडील वस्तुस्थिती पाहू. ज्याला या व्यवसायात ‘फ्रेशर’ म्हणतात, त्या नवख्या अभियंत्याला २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या सेवा-कंपन्या वर्षाला तीन ते सव्वातीन लाख रुपये देऊ करीत. २०२३ मध्येही हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळत होता. याच अवधीत ग्राहक किंमत निर्देशांक, २०१२ हे वर्ष १०० धरल्यास, २०२३ च्या अखेरीस १८५ वर गेला. म्हणजे सव्वातीन लाखांची जुनी क्रयशक्ती केवळ टिकविण्यासाठी सहा लाख द्यावे लागले असते. दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः डॉलरमध्ये येते, आणि २०१० मध्ये सुमारे ४६ रुपयांना मिळणारा डॉलर २०२३ मध्ये ८२ रुपयांच्या वर गेला होता. रुपया घसरल्याचा लाभ कोणाच्या पदरात पडला हे सांगणे अवघड असले, तरी तो नवख्यांच्या पदरात पडला नाही, हे निश्चित.

याचे प्रमुख कारण पुरवठ्यात आहे. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. दक्षिणेतील राज्यांतही अशी महाविद्यालये भराभर निघाली. पुढे संगणक-कंपन्यांनी यंत्र, स्थापत्य, विद्युत अशा सर्व शाखांचे पदवीधर घेण्यास आरंभ केला, काहींनी बी.एस्सी. व बी.सी.ए. झालेल्यांनाही दार उघडले. कामाचे शिक्षण आम्हीच देऊ, असे कंपनी म्हणते, तेव्हा ती वस्तुतः विशिष्ट विद्येला नव्हे, तर शिकविता येण्याजोग्या कोणत्याही तरुणाला मागणी घालीत असते, आणि असे तरुण आपल्या देशात दुर्मिळ नाहीत. त्यांतून महाविद्यालयात येऊन निवड करणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्या, वेतन सर्वांना एकच, ठरते ते रुजू होण्याच्या कित्येक महिने आधी. ॲरो व कॅप्रन यांनी सांगितलेली कारणे येथे जणू एकत्र नांदतात. हुशार मुले हवी असतील तेव्हा कंपन्या पहिल्या दाराचा दर वाढवीत नाहीत, तर शेजारी सात लाखांचे अरुंद दुसरे दार काढतात.

मग वेतनवाढीच्या ज्या कथा कानी येतात त्या खोट्या काय? मुळीच नाहीत, त्या दुसऱ्याच माणसांच्या आहेत. २०२१-२२ मध्ये मागणीला अभूतपूर्व उधाण आले. तीन-चार वर्षांचा अनुभव आणि नेमके हवे ते कौशल्य असलेल्यांना कंपनी बदलताना दीडपट, क्वचित दुप्पट वेतन मिळाले. इन्फोसिसमध्ये जून २०२२ अखेरच्या बारा महिन्यांत स्वेच्छेने सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले होते. येथे वेतनाने मागणीला गाठले, परंतु ते उठून जाणाऱ्याच्या बाबतीत. जागीच बसलेल्याला वार्षिक वाढीवर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी लक्षावधी नवखेही भरती झाले, आणि त्यांचा दर जागचा हलला नाही. पुढे ओहोटी लागताच फेब्रुवारी २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीने साडेसहा लाखांचे आश्वासन दिलेल्या उमेदवारांना साडेतीन लाखांवर रुजू होण्याविषयी विचारले. मागणी वाढली असता न वाढणारा हा दर ती घटली असता मात्र खाली येऊ शकतो.

जाता जाता दुसऱ्या पदाविषयी. ‘पगार’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि तो महिन्याशी बांधला. संगणकव्यवसायाने आणलेले ‘पॅकेज’ वर्षाशी बांधलेले आहे. हा फरक केवळ बाराने भागण्याचा नाही. पॅकेजमध्ये मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, एवढेच नव्हे तर सामान्यतः पाच वर्षांच्या सेवेनंतरच हाती पडणारे उपदानही पुष्कळदा मोजलेले असते. त्यामुळे ३ लाख ६० हजार म्हणजे दरमहा ३०,००० हा हिशेब घरी सांगावयाचा. बँकेत जमा होते ते त्याहून कमी. जुन्या पिढीतील एखादे वडील मुलाचे पॅकेज ऐकून स्वतःच्या पगाराशी ताडून पाहतात, तेव्हा दोन भिन्न अर्थाच्या शब्दांची तुलना होत असते.

अमेरिकेतील अभियंत्यांविषयी रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये दाखविले होते की, आरंभीचे वेतन चढले की महाविद्यालयांत गर्दी होते, आणि ती मुले बाहेर पडेतो बाजार भरून गेलेला असतो. आपला विद्यार्थी आजच्या मागणीकडे पाहून निघाला आहे. त्याच्यापुढे ठेवण्यासारखा एक आकडा आमच्यापाशी होता: विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि ती त्याला मिळालेली होती. त्याने हिशेब ऐकून घेतला. मग विचारले, “सर, पण ती दर महिन्याला वेळेवर जमा होते का?” मी त्याला शेजारच्या खोलीतील जुन्या संशोधकांकडे पाठविले.