दंडाचा प्रामाणिक व्यायाम

श्रोतेहो, आज ज्या व्यायामाविषयीं बोलावयाचें आहे तो नभोवाणीवरून आपणांस दाखवितां येत नाहीं. म्हणून प्रथम एक लहानसा प्रयोग आपणच करा. उजवें कोपर काटकोनांत वाकवा, तळहात जमिनीकडे ठेवा आणि डाव्या हातानें उजव्या दंडाचा पुढचा भाग हलकेच धरा. आतां कुलपांत किल्ली फिरवावी त्याप्रमाणें तळहात वर वळवा. बोटांखालीं एक गोळा घट्ट झालेला जाणवेल. हाच द्विशिर स्नायु. व्यायामशाळेच्या भाषेंत ‘बायसेप्स’. वर खांद्यापाशीं त्याचीं दोन मुळें आहेत, आणि खालीं तो कोपरापुढें अंगठ्याच्या बाजूच्या हाडास जोडलेला आहे. म्हणून कोपर वाकविणें व तळहात वर वळविणें अशीं दोन्हीं कामें तो करतो.

मी मुकुंदवाडीस राहावयास आलों तेव्हां जवळच्या एका व्यायामशाळेंत जाऊं लागलों. शेजारचा तरुण १२ किलोचें डंबेल उचलतो, मग आपण ५ किलोचें कसें धरावें, या लाजेनें मींही १२ किलोचेंच घेतलें. तें उचललें म्हणण्यापेक्षां कमरेस हिसडा देऊन झोकलें, असें म्हणणें अधिक खरें. दोन महिन्यांत दंड होता तेवढाच राहिला. कंबर मात्र धरली. दंडाचें काम पाठीकडून करवून घेतलें, त्याची मजुरी पाठीनें वसूल केली.

ही लबाडी ज्यांत सहसा साधत नाहीं, असा एक प्रकार आहे. त्यास ‘कॉन्सन्ट्रेशन कर्ल’ म्हणतात. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे एकाग्रता. भक्कम स्टुलाच्या कडेवर बसा. पावलें खांद्यांहून अधिक रुंद ठेवून पूर्ण टेका. पाठ सरळ ठेवून जांघेंतून पुढें झुका. उजव्या हातांत डंबेल घ्या आणि दंडाची मागची बाजू, कोपराच्या किंचित् वर, उजव्या मांडीच्या आंतल्या अंगास टेकवा. कोपर मांडीच्या वर ठेवूं नका. डावा हात डाव्या गुडघ्यावर असूं द्या.

आतां श्वास सोडीत डंबेल खांद्याच्या दिशेनें वर आणा. हलावयाचा तो केवळ कोपरापुढचा हात. दंड जागचा हलूं नये, मनगट मागें मुडपूं नये. वर क्षणभर थांबा, आणि श्वास घेत दोन-तीन सेकंदांत सावकाश खालीं आणा. हात जवळजवळ सरळ होऊं द्या, पण खाडकन् सोडूं नका. वजन खालीं आणतांनाही स्नायु काम करीतच असतो. तें सोडून देणारा अर्धा व्यायाम फुकट घालवितो.

अशीं ८ ते १२ आवर्तनें, दोन किंवा तीन वेळां, आठवड्यांतून दोन दिवस पुरेत. मध्यें निदान एक दिवस विसावा हवा. दुबळ्या हातानें आरंभ करून दुसऱ्यानें तितकींच करावींत. शेवटचीं दोन आवर्तनें जड जावींत. मात्र खांदा उचलूं लागला कीं गणना तेथेंच संपली असें समजावें. स्नायूंत जळजळ होणें स्वाभाविक आहे, सांध्यांत तिडीक येणें नव्हे. अकस्मात् ‘फट्’ असा आवाज होऊन दंडाचा गोळा जागचा सरकला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. तुटलेल्या कंडरेस दिरंगाई सोसत नाहीं.

२०१४ सालीं अमेरिकेंतील ला क्रॉस येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं स्नायूंतील विद्युत्-हालचाल मोजून दंडाच्या आठ व्यायामांची तुलना केली. तींत याच प्रकारानें द्विशिर स्नायूस सर्वांत अधिक कामास लावलें. अर्थात् घटकाभराची हालचाल म्हणजे महिन्यांची वाढ नव्हे. शिवाय दंडाचा मागचा स्नायु या पुढच्याहून मोठा आहे, आणि त्यास आपले जुने जोरच उपयोगी पडतात. जोर-बैठका हें जेवण. हा व्यायाम म्हणजे पानांतली कोशिंबीर.

१९०५ च्या सुमारास हिंदुस्थानांत येऊन गेलेला मल्ल यूजेन सँडो हलकीं डंबेलें घेऊन मन स्नायूवर ठेवण्याचाच उपदेश करीत असे. मीही आतां ५ किलोचेंच डंबेल घेतों. आपल्या घरांतील मुलानें मोठें डंबेल उचलून दाखविलें, तर शाबासकी देण्यापूर्वीं तें त्यानें खालीं कसें आणलें, तेवढें पाहावें.