भट्टीवाचून पाव

पावाला भट्टीच हवी, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या वडगावच्या घरी ओव्हन नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून तीत स्टीलचा डबा ठेवतो, हीच आमची भट्टी. गोव्याचे पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पीठ फुगवीत. त्याला तासन्‌तास लागत. इथे ते काम खाण्याचा सोडा करतो. दोन वाट्या कणकेला अर्धा चमचा सोडा व दीड वाटी आंबट ताक पुरे. ताकातील आम्लाने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो कोणासाठी थांबत नाही. म्हणून वाळू आधी तापवावी, ताक शेवटी ओतावे. डबा तूप लावून अर्धाच भरावा, झाकण सैल ठेवावे. खुपसलेली सुरी कोरडी निघाली, की पाव झाला. ओव्हनअभावी घरगुती धंदा लांबणीवर टाकणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा: भांडवल नाममात्र, पण वेळ चुकली, तर सारा माल तोट्यात!