दहा-बारा लाखांत ऑडी की पंच?

दहा-बारा लाखांचं बजेट असलं की दोन टोकांच्या गाड्या खुणावतात. एकीकडे सात-आठ वर्षं वापरलेली ऑडी क्यू-थ्री डिझेल, दुसरीकडे शोरूममधली कोरी करकरीत टाटा पंच ईव्ही. सोसायटीच्या गेटवर रुबाब ऑडीचाच. गंमत पुढे आहे.

सगळ्यात मोठी गंमत टाकीत. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या पंच ईव्हीची छोटी बॅटरी २५ युनिटांची, म्हणजे हिशेबाने जेमतेम अडीच लिटर डिझेल! क्यू-थ्रीच्या ६४ लिटरच्या टाकीत याच्या पंचवीसपट ऊर्जा मावते. तरीही तेवढ्यावर पंच दोनशेच्या आसपास किलोमीटर काढते (कागदावर ३१५). ऑडी अडीच लिटरमध्ये चाळीसच्या आत थांबेल. कारण डिझेलची निम्म्याहून जास्त ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. पंपावर आपण पैसे मोजतो ते मुख्यतः रस्त्यावरची हवा तापवायला.

पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरा. उतारावर मोटरच जनरेटर होते आणि घाट संपेपर्यंत पंचच्या स्क्रीनवरची टक्केवारी चक्क वाढते. ऑडीची टाकी कुठल्याच घाटात भरत नाही.

हायवेवर मात्र ऑडीला तोड नाही. ३८० न्यूटन-मीटर टॉर्कपुढे पंचच्या ११४ची काय कथा! शिवाय चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो. पण खड्ड्यात पंच वरचढ: ग्राउंड क्लिअरन्स १९० मिलिमीटर, ऑडीचा १७०.

क्यू-थ्रीला ‘इंपोर्टेड’ म्हणून मिरवणाऱ्यांसाठी: इथे विकली गेलेली बहुतेक क्यू-थ्री छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडलेली आहे.

आता दुखरी नस. गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची नाही. तीस-पस्तीस लाखांची गाडी दहा लाखांवर आली तरी हेडलाइट फुटला की बिल तीस-पस्तीस लाखांच्याच गाडीचं. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. ‘शेवटचं कधी बदललं?’ असं विकणाऱ्याला विचारा आणि बिल मागा. ‘गाडी एकदम मक्खन आहे’ एवढंच उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

भाव फारच गोड वाटला तर नंबर प्लेट बघा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये कायम केली होती (२०२५मध्ये ती सैल झाली), त्यामुळे दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्तात निघू लागल्या. मग एनओसी, आरटीओच्या खेपा आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा.

पंचचीही एक खोच आहे: स्टेपनीच नाही, फक्त पंक्चर किट. त्याबदल्यात बॉनेटखाली १४ लिटरचा छोटा कप्पा मिळतो. त्यात चार्जिंगची केबल मावते.

माझं मत विचाराल तर रोजची शहरातली ये-जा असेल तर डोळे झाकून पंच. दर आठवड्याला पुणे-नागपूर असेल तर ऑडी, आणि सोबत ओळखीचा मेकॅनिक. पंचला रात्रभर चार्ज व्हायला पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा एक पॉइंट पुरतो. तो घ्यायला सोसायटीच्या मीटिंगमध्ये किती रात्री जातील, ते सेक्रेटरींनाच ठाऊक!