लिनक्स : एक गाभा, अनेक रूपे

एकाच गव्हाच्या पिठाची पोळी होते, पुरी होते आणि लाडूही होतो. प्रवासास निघालेला मनुष्य शिदोरीत पुऱ्या बांधून घेतो; आजाऱ्यास मात्र मऊ पोळीचा घास भरवावा लागतो. यांत श्रेष्ठ पदार्थ कोणता, हा प्रश्न व्यर्थ होय. कोणास कोणता उपयोगी, एवढाच प्रश्न खरा. लिनक्स या कार्यप्रणालीच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते.

कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, स्मृतीतील जागा वाटून देणे, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना पाळीपाळीने अवसर देणे, ही संगणकातील सारी व्यवस्था कार्यप्रणाली पाहते. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला. या गाभ्यास कर्नेल म्हणतात. १९९२ साली त्याने तो मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला केला. कोणीही तो वाचावा, त्यात बदल करावा आणि दुसऱ्यास द्यावा. अट एवढीच की, बदललेली आज्ञावली देताना तिचा मूळ मजकूरही घेणाऱ्यास उपलब्ध करून द्यावा.

परंतु नुसत्या गाभ्याने सामान्य माणसाचे काम भागत नाही. त्याभोवती लेखनाच्या, चित्रांच्या, महाजालाच्या आज्ञावली रचाव्या लागतात. अशा सिद्ध संचास ‘वितरण’ असे नाव आहे. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी ‘डेबियन’ हे वितरण सुरू केले. त्याच्या पायावर २००४ साली ‘उबंटू’ उभे राहिले आणि उबंटूच्या पायावर २००६ साली ‘मिंट’. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेनेही डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हे वितरण सिद्ध केले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. आज अशी वितरणे शेकड्यांनी मोजावी लागतात. मग त्यांतून निवड कशी करावी?

प्रथम काम कोणते ते पाहावे. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी एकदा, पुष्कळ पारखून बाहेर पडते. तीतील आज्ञावली थोड्या जुन्या असतात, पण भरवशाच्या असतात. ‘फेडोरा’ची नवी आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते. ‘आर्च’मध्ये तर आवृत्त्याच नाहीत, सुधारणा अखंड येत राहतात. रात्रंदिवस चालणाऱ्या रुग्णालयाच्या संगणकास स्थैर्य हवे. यंत्राचे अंतरंग शिकू इच्छिणाऱ्यास आर्चचे कष्टही गोड वाटतील.

दुसरे, यंत्राची शक्ती पाहावी. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. सुस्थितीत असूनही विंडोज ११ चालवू न शकणारे अनेक संगणक त्यामुळे टाकाऊ ठरण्याची वेळ आली. एखाद्या शाळेच्या खोलीत असे दहा संगणक असतील, तर ते मोडीत काढण्यापूर्वी ‘लुबंटू’सारखे हलके वितरण त्यांवर चालते का, हे अवश्य पाहावे. बलदंड यंत्रासाठी रचलेले भपकेदार वितरण तेथे घातले, तर मुले पडद्याकडे पाहत ताटकळत बसतील.

तिसरे, अडचणीच्या वेळी साहाय्य कोण करील, याचा विचार करावा. शेजारी उबंटू जाणणारा कोणी असेल, तर नवशिक्यास उबंटूच सोयीचे.

इतके करूनही मन साशंक असेल, तर परीक्षा घेण्याचा सोपा मार्ग आहे. बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवर उतरवून, संगणकातील मूळ प्रणालीस हात न लावता चालवून पाहता येतात. मुद्रणयंत्र चालते का, मराठी टंकलेखन होते का, हे तेव्हाच तपासावे. पुढे प्रणाली कायमची बसविताना मात्र आधीचा मजकूर पुसला जाण्याचा संभव असतो. म्हणून त्याची प्रत अगोदर अन्यत्र काढून ठेवावी.

ज्याने गाभा खुला केला, त्याने निवडीचे स्वातंत्र्यही सर्वांस दिले. त्या स्वातंत्र्याचे चीज केवळ नाव ऐकून किंवा रूप पाहून होत नाही. आपली गरज ओळखणाऱ्यासच ते साधते.