खोक्याचे माप आणि धंद्याचा हिशेब

कापडाच्या दुकानात आमची तीस वर्षे गेली. मीटर, पन्हा आणि उधारीची वही यापलीकडे आम्ही फारसे पाहिले नाही. परंतु मागील वर्षी सुतारकाम शिकलेल्या आमच्या भाच्याने घरीच स्पीकरची खोकी बनविण्याचे मनावर घेतले आणि भांडवलासाठी आमच्याकडे आला. एका छोट्या हॉलच्या चार खोक्यांची ऑर्डर त्याच्या हाती होती. प्लायचे पैसे आम्ही दिले. त्यातून मिळालेला धडा तरुणांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

मुळात खोके लागते कशाला? स्पीकरचा पडदा पुढची हवा दाबतो, त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघड्या स्पीकरच्या या दोन लाटा एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. खोके मागची लाट अडविते. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद खोक्यातील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी भोक ठेवलेल्या खोक्याचे गणित मांडले; पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढविले. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात आज त्यांचेच आकडे असतात. कोणत्या स्पीकरला किती लिटर हवा लागेल, ते त्यावरून काढता येते.

आमच्या स्पीकरला ३० लिटर हवे होते. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला : उंची ४०, रुंदी ३०, खोली २५ सेंटिमीटर. गुणाकार बरोबर ३० हजार घन सेंटिमीटर, म्हणजे ३० लिटर. भाच्याने विचारले, "मामू, हे माप बाहेरचं की आतलं?" आम्ही म्हणालो, "माप ते माप, तू काप."

हीच चूक झाली. प्लाय १८ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंनी जाडी वजा करता आत ३६.४, २६.४ आणि २१.४ उरले; म्हणजे जेमतेम साडेवीस लिटर. सुमारे एक तृतीयांश हवा लाकडाने खाल्ली! तेवढ्याच भोकाचा सूर त्यामुळे सुमारे वीस टक्के वर चढतो. हॉलमध्ये लावून पाहिले तर तबल्याचा डग्गा हरवलेला. चारही खोकी परत आली. शिवणीत जाणारे कापड आधी धरणारे आम्ही, लाकडात ते विसरलो.

नुकसान कोणी सोसायचे? भाचा मजुरी सोडायला तयार होता. परंतु त्याने विचारले होते आणि आम्ही ऐकले नव्हते. प्लाय आणि मजुरी दोन्ही आम्ही आपल्या नावे लिहिली. मालकाने आठवड्याची मुदत दिली.

दुसऱ्या वेळी बाहेरची खोली ३६ सेंटिमीटर धरली. आत ३१ लिटर मिळाले. स्पीकर आणि नळीही जागा खातात, म्हणून थोडे जास्त. सांधे गोंद आणि स्क्रूने पक्के केले, कारण फटीतून हवा शिट्टी घालते.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. पुढच्या जाळीसाठी भाच्याने सोफ्याचे जाड कापड आणले होते. ते आम्ही परत पाठविले. कापड तोंडासमोर धरून फुंकावे. फुंकर सहज आरपार गेली तरच ते स्पीकरचे कापड. घट्ट विणीचे कापड बारीक सूर गिळते. विरळ विणीची पॉलिएस्टर जाळी उत्तम.

एक सूचना. आपल्या कोल्हापुरात स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. १९६५ साली रे डॉल्बी यांनी काढलेल्या कंपनीचे पहिले काम मात्र टेपवरची खरखर कमी करण्याचे होते! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, सवलतीचे ठरावीक दिवस सोडता, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

चारही खोकी गेली, पैसे रोख मिळाले. पहिल्या प्लायचा खड्डा अजून भरलेला नाही. परंतु हॉलच्या मालकाने आणखी दोन खोकी सांगितली आहेत. तरुणांनी हुन्नर जरूर शिकावे. आणि भांडवल देणाऱ्या आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी, कारागीर प्रश्न विचारतो तेव्हा कात्री थांबवावी.