स्वस्त सर्व्हर, दूरचा सर्व्हर

एखाद्या लघुउद्योगाचे संकेतस्थळ, संस्थेचा ई-मेल किंवा ग्रंथालयाने स्कॅन केलेल्या जुन्या नियतकालिकांचा संग्रह इंटरनेटवर अहोरात्र उपलब्ध ठेवायचा असेल, तर तो सतत चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर, म्हणजेच सर्व्हरवर, ठेवावा लागतो; आणि असा संगणक विकत घेऊन त्याची वीज, जागा व देखभाल स्वतः सांभाळण्यापेक्षा तो भाड्याने घेणे बहुतेकांना परवडते. भाड्याचा एक प्रकार आभासी सर्व्हरचा असतो. त्यात एकाच मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने भाग पाडून ते अनेक ग्राहकांना दिले जातात, आणि वाड्यातील सगळ्या बिऱ्हाडांनी एकाच नळावर भागवावे तशी तेथे गत होते: एकाने प्रोसेसर किंवा डिस्क अडवून धरली की शेजाऱ्याचे काम मंदावते. दुसऱ्या प्रकारात, ज्याला डेडिकेटेड सर्व्हर म्हणतात, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांसह संपूर्ण यंत्र एकाच भाडेकरूच्या स्वाधीन केले जाते.

या दुसऱ्या प्रकाराची स्वस्त बाजारपेठ प्रामुख्याने युरोपात वाढली. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील गुन्झेनहाउझेन येथे १९९७ मध्ये सुरू झालेली हेट्झनर आणि ऑक्ताव्ह क्लाबा यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली, उत्तर फ्रान्समधील रूबे या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरात मुख्यालय असलेली ओव्हीएच या त्यातील सर्वपरिचित कंपन्या होत. गेल्या काही वर्षांत महिन्याला तीस-चाळीस युरोंत, क्वचित त्याहूनही कमी भाड्यात, स्वतंत्र यंत्र तेथे मिळत आले आहे, आणि भारतातून विकसक, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या व स्वयंसेवी संस्था ते घेत आल्या आहेत. इतके कमी भाडे कसे परवडते, याचे उत्तर व्यापारी चातुर्यात थोडे आणि उष्णता, संभाव्यता व प्रकाशाचा वेग यांच्या हिशेबात जास्त आहे. स्वस्ताई येते ती काही खर्च खरोखर वाचवून आणि काही जोखीम भाडेकरूच्या खांद्यावर ठेवून. अंतर मात्र कोणालाच कमी करता येत नाही.

खर्चाच्या बाजूला एक मोठी बाब विजेची असते. सरासरी १०० वॅट वीज घेणारे यंत्र तीस दिवसांत ७२ युनिट वापरते, आणि ही सारी ऊर्जा अखेरीस उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडत असल्याने ती खोलीबाहेर काढण्यासाठी आणखी वीज लागते. डेटा सेंटरची एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांनी वापरलेली वीज या गुणोत्तराला वीजवापर-परिणामकारकता म्हणतात. ते १ असणे हा आदर्श, तर जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे. गुणोत्तर १.६ असेल तर वरील यंत्रामागे महिन्याला सुमारे ११५ युनिट लागतात, १.१ असेल तर ७९. हा ३६ युनिटांचा फरक तीस युरोंच्या भाड्यात क्षुल्लक नाही, आणि असा फरक हजारो यंत्रांवर गुणला जातो. संगणकांना १८ ते २७ अंश सेल्सिअसची हवा सोयीची मानली जाते, आणि न्यूरेंबर्ग, सॅक्सनीतील फाल्केनश्टाइन किंवा हेलसिंकीजवळील तूसुला या हेट्झनरच्या ठिकाणी वर्षाचा बहुतांश काळ बाहेरची हवाच त्याहून थंड असते. ती गाळून आत घेतली आणि तापलेली हवा बाहेर सोडली की वातानुकूलन यंत्रणा बराच काळ बंद ठेवता येते. ओव्हीएचने निराळा मार्ग धरला: २००३ पासून ती कंपनी प्रोसेसरवर आतून पाणी खेळणारे ठोकळे बसवते, कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी कितीतरी पट अधिक उष्णता वाहून नेते. मुंबईच्या पावसाळ्यातील दमट, उबदार हवेत बाहेरच्या हवेवर भागवण्याची सवलत निसर्गच देत नाही. युरोपातील ही सवलतही विजेच्या दरावर अवलंबून असते, आणि २०२२ मध्ये तेथील ऊर्जेचे दर भडकले तेव्हा या कंपन्यांनाही भाडी वाढवावी लागली.

दुसरी बचत यंत्राच्या घडणीत असते. महागड्या सर्व्हरमध्ये दुहेरी वीजपुरवठा, चालू स्थितीत बदलता येणाऱ्या डिस्क आणि दुरुस्तीसंकेत असलेली मेमरी असते. स्वस्त भाड्याच्या यंत्रांत मात्र बहुधा घरगुती संगणकातलाच प्रोसेसर, साधी मेमरी आणि एकच वीजपुरवठा असतो. यातील मेमरीचा मुद्दा थोडा उलगडून पाहण्याजोगा आहे. मेमरीतील प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभार, आणि तो अनाहूतपणे बदलू शकतो, हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले: प्रथम चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणाऱ्या अल्फा कणांवर आणि पुढे अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांवर त्याचा ठपका ठेवला गेला. यावरचा उपाय रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीतून आला. ६४ बिटांसोबत आणखी ८ बिट साठवले की एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक निदान ओळखता येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गूगलच्या सर्व्हरवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ८ टक्के मेमरीपट्ट्यांत अशा चुका आढळल्या; आणि त्यांतल्या बहुतेकींचा दोष अंतराळाकडे नसून खुद्द पट्टीतील कायमच्या बिघाडाकडे जात असावा, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. साध्या मेमरीत ही चूक होते आणि कळतही नाही. संकेतस्थळावरील चित्राचा एक ठिपका बदलला तर कोणाचे काही बिघडत नाही, पण तोच बिट हिशेबाच्या नोंदीत असेल तर गोष्ट वेगळी, हे भाडेकरूने आधीच ठरवायचे असते.

डिस्कच्या बाबतीत हीच संभाव्यता अधिक ढळढळीत आहे. हेट्झनर आधीच्या भाडेकरूंनी सोडलेली यंत्रे उलट्या लिलावाने देते, म्हणजे कोणी घेईपर्यंत भाडे हळूहळू उतरत जाते आणि पहिल्याने होकार दिला की व्यवहार ठरतो. त्यामुळे सर्वांत स्वस्त यंत्र बहुधा सर्वांत जुने असते. डिस्क मात्र आपले वय लपवत नाही. ती आतापर्यंत किती तास चालू राहिली, याची नोंद तिच्यातच असते, आणि यंत्र ताब्यात येताच ती पाहण्याची सवय अनुभवी भाडेकरूंना असते: सलग पाच वर्षे म्हणजे सुमारे ४३,८०० तास. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, याशिवाय किती डेटा लिहिला गेला तेही पाहावे लागते, कारण तिच्यातील पेशी ठरावीक वेळाच पुन्हा लिहिता येतात. म्हणूनच अशा यंत्रांत बहुधा दोन डिस्क देतात आणि त्यांवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. या प्रतिबिंब-रचनेला रेड-१ म्हणतात. दोन्ही डिस्क स्वतंत्रपणे बिघडतात असे धरले, तर एकाच दिवशी दोन्ही जाण्याची शक्यता नगण्य ठरते. पण एकाच कारखान्यातून एकाच वेळी निघालेल्या आणि सारखेच तास चाललेल्या डिस्क पूर्णपणे स्वतंत्र नसतात, आणि चुकून पुसलेली फाइल तर दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते.

आता अंतराकडे वळता येईल, आणि भारतातील भाडेकरूसाठी सर्वांत निर्णायक भाग हाच आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, परंतु काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असल्याने प्रकाशतंतूत तो वेग सुमारे २ लाख किलोमीटरवर येतो. मुंबई ते दक्षिण जर्मनी हे सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तंतू तसा सरळ टाकता आला असता तर जाऊन-येऊन सुमारे ६५ मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात वर्सोव्यासह मुंबईच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या केबल अरबी समुद्र, एडनचे आखात आणि लाल समुद्र असा वळसा घेतात, इजिप्तची भूमी ओलांडून भूमध्य समुद्रात उतरतात आणि मार्सेसारख्या बंदरावर युरोपात शिरतात. या वाढलेल्या लांबीत वाटेतील उपकरणांचा वेळ मिळवला की फेरीला शंभरहून अधिक, पुष्कळदा दीडशेच्या जवळ मिलिसेकंद लागतात. या विलंबाला लेटन्सी म्हणतात. प्रोसेसर कितीही वेगवान घेतला तरी ती कमी होत नाही.

एक फेरी १३० मिलिसेकंदांची धरली तर त्यात काही जाणवणार नाही, असे वाटू शकते. पण ब्राउझर आणि सर्व्हर यांचे संभाषण एका फेरीत संपत नाही. प्रथम टीसीपी या नियमावलीनुसार जोडणीची विचारपूस होते, ती एक फेरी. नंतर कूटलेखनाच्या चाव्या ठरतात, त्याला टीएलएस या नियमावलीच्या जुन्या १.२ आवृत्तीत दोन फेऱ्या लागत आणि २०१८ च्या १.३ आवृत्तीत एक लागते. त्यानंतर पानाची मागणी व उत्तर, ही आणखी एक फेरी. म्हणजे पहिले अक्षर दिसण्यापूर्वी जुन्या पद्धतीत ५२० आणि नव्या पद्धतीत ३९० मिलिसेकंद निव्वळ वाटचालीत जातात.

विलंबाचा परिणाम वेगावरही होतो, आणि गिगाबिटची जाहिरात पाहून यंत्र घेणाऱ्यांना तो सहसा उशिरा उमगतो. टीसीपीमध्ये पाठवलेल्या मजकुराची पोच यावी लागते, आणि पोच न आलेला मजकूर किती वाटेवर असू द्यायचा याला मर्यादा असते. मूळ रचनेत ही मर्यादा ६४ किलोबाइट होती. १३० मिलिसेकंदांच्या फेरीत एवढाच मजकूर जाणार असेल, तर वाहिनी कितीही रुंद असली तरी वेग सेकंदाला ४ मेगाबिटच्या आसपास अडकतो. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२ मध्येच प्रमाणित झाली आणि आजच्या सर्व प्रणालींत ती आहे, तरी दुसरा अडथळा उरतोच. १९९७ मध्ये मांडल्या गेलेल्या एका समीकरणानुसार पारंपरिक टीसीपीचा वेग फेरीच्या वेळेच्या आणि गहाळ होणाऱ्या पॅकेटांच्या, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांच्या, प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे जवळच्या सर्व्हरवर न जाणवणारी तेवढीच गळती दूरच्या सर्व्हरचा वेग कितीतरी खाली ओढते. त्यामुळे कंपनीने ठेवलेली चाचणी-फाइल आपल्याच जोडणीवरून, तीही रात्री नऊच्या गर्दीच्या वेळी, उतरवून पाहणे हे प्रोसेसरच्या तुलनातक्त्यांपेक्षा अधिक बोलके ठरते.

समुद्रातली वाट तुटते, हेही हिशेबात धरावे लागते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट सेवा मोठ्या प्रमाणात विस्कळीत झाली होती; फेब्रुवारी २०२४ मध्ये हुथींच्या हल्ल्यात सापडून भरकटलेल्या रुबीमार जहाजाचा नांगर फरफटत गेल्याने लाल समुद्रातील केबल तुटल्याचे मानले जाते; आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तेच घडले. अशा वेळी जर्मनीतील यंत्र ठणठणीत चालू असते, मात्र पुण्याहून निघालेले पॅकेट सिंगापूरमार्गे उलट्या दिशेने पृथ्वीला वळसा घालू लागते आणि फेरीचा वेळ दुपटीवर जाऊ शकतो. ज्यांचा वाचकवर्ग महाराष्ट्रात आहे आणि ज्यांना क्षणाक्षणाचा प्रतिसाद हवा आहे, त्यांनी म्हणूनच देशातील यंत्रासाठी जास्त भाडे मोजणे शहाणपणाचे; संग्रह, बॅकअप किंवा रात्रभर चालणारी गणना यांना मात्र दीडशे मिलिसेकंदांचे सोयरसुतक नसते. खुद्द ओव्हीएचनेही २०२३ मध्ये मुंबईत डेटा सेंटर सुरू केले.

पत्ते आणि कायदे यांचा उल्लेख धावता पुरे. इंटरनेटवर यंत्र ओळखले जाते त्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते ३२ बिटांचे, म्हणून एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. युरोपची पत्ते वाटणारी संस्था, राइप, हिच्याकडील साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपला, आणि तेव्हापासून यंत्रासोबतच्या पत्त्याचे भाडे वेगळे आकारण्याची प्रथा बळावली. देयकव्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ पासूनचा आदेश असल्याने तशा कामाला परदेशी यंत्र मुळातच बाद ठरते.

डेटा सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर स्ट्रासबूर्ग येथे अत्यंत कठोरपणे पुढे आला. ओव्हीएचच्या तेथील परिसरात लागलेल्या आगीत एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, दुसरीचा काही भाग नष्ट झाला, आणि जीवितहानी झाली नसली तरी लाखो संकेतस्थळे बंद पडली. आग वीजपुरवठ्याच्या खोलीत सुरू झाली होती. स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा तेथे नव्हती, आणि वाऱ्याच्या नैसर्गिक प्रवाहाने यंत्रे थंड ठेवण्यासाठी आखलेल्या इमारतीच्या रचनेचाच ज्वालांना हातभार लागला. अनेक भाडेकरूंकडे दुसरी प्रत नव्हतीच. एका ग्राहकाने तर बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, पण ती प्रत त्याच परिसरात ठेवलेली होती, आणि २०२३ मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्याला भरपाई देण्याचा आदेश दिला. स्वस्त भाड्याच्या करारात प्रत ठेवण्याचे काम बहुधा भाडेकरूचेच असते.

ती प्रत कुठे ठेवायची, हेही शेवटी अंतर आणि वेग यांचेच गणित आहे. २ टेराबाइटचा संग्रह १०० मेगाबिटच्या जोडणीने पुण्यात उतरवायला, पूर्ण वेग मिळाला तरी, सुमारे ४४ तास लागतात. ही पहिली प्रत एकदा झाली की पुढचे काम हलके होते, कारण अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला आरसिंक हा प्रोग्राम दोन्हीकडील फाइलींच्या तुकड्यांच्या गणिती खुणा ताडून पाहतो आणि बदललेले तुकडेच पाठवतो. मात्र मूळ यंत्र गेले आणि सारे परत चढवायची वेळ आली, तर तेच ४४ तास उलट्या दिशेने लागतात, आणि जोडणीचा अपलोड वेग कमी असेल तर त्याहून अधिक. तोच संग्रह युरोपातीलच दुसऱ्या शहरातील यंत्रावरून गिगाबिट वेगाने आणला तर साडेचार तासांत येतो. त्यामुळे एक प्रत फाल्केनश्टाइनच्या यंत्रासाठी तूसुलात आणि दुसरी, हळू का होईना, घरच्या डिस्कवर, अशी विभागणी अनेक जाणकार करतात.